उन्हाळी पाण्याच्या पाळ्यांपूर्वी पंपाची शक्ती वॅटमध्ये मोजून ठेवावी

उन्हाळी पिकांच्या पाण्याच्या पाळ्या सुरू होण्यापूर्वी, विहिरीत पाणी पुरेसे असतानाच, पंपाची मोटर प्रत्यक्षात किती वॅट घेते हे मोजून वहीत नोंदवावे. बहुधा टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमट्यासारखे धरून प्रवाह मोजणारे उपकरण) अँपिअर पाहून त्यांना व्होल्टने गुणले जाते. मोटरच्या बाबतीत हा हिशेब फसवा ठरतो, कारण मोटरमधील प्रवाह व्होल्टेजच्या मागे रेंगाळतो. त्याचा काही भाग केवळ चुंबकीय क्षेत्र उभे करण्यात गुंततो आणि ती ऊर्जा प्रत्येक आवर्तनात लाइनकडे परत जाते.

तीन फेज मोटरची खरी शक्ती म्हणजे 1.732, दोन फेजमधील व्होल्टेज, लाइनचा प्रवाह आणि पॉवर फॅक्टर (व्होल्ट-अँपिअरपैकी प्रत्यक्ष कामी येणाऱ्या शक्तीचा हिस्सा) यांचा गुणाकार. 415 व्होल्टवर 7 अँपिअर घेणारी मोटर 0.85 पॉवर फॅक्टरला सुमारे 4,280 वॅट घेते. तोच प्रवाह 0.5 पॉवर फॅक्टरला असेल तर जेमतेम 2,500 वॅट. म्हणूनच पंपाचे पाणी तुटते तेव्हा अँपिअर काहीसेच उतरतात, वॅट मात्र झपाट्याने कोसळतात, आणि मोटर कोरडी चालत असल्याचे वॅटवरून लवकर कळते.

मोजणीसाठी वीजमीटर पुरेसा आहे. इतर सर्व भार बंद करून पंप दहा मिनिटे चालू द्यावा. मीटरवरील छोटा दिवा एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ती संख्या मीटरवर छापलेली असते. ती 1600 असेल आणि 20 लुकलुकण्यांना 12 सेकंद लागले, तर 3600 गुणिले 20 या संख्येला 1600 गुणिले 12 ने भागावे. उत्तर येते 3.75 किलोवॅट. पहिली लुकलुक दिसताच घड्याळ सुरू करावे व ती शून्य धरावी, नाहीतर एकाची चूक राहते. पॅनेल उघडून वॅटमीटर जोडण्याचे काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे. दोन वॅटमीटरच्या पद्धतीत (दोन्ही वाचनांची बेरीज हीच एकूण शक्ती) पॉवर फॅक्टर 0.5 च्या खाली असता एक मीटर उलटे वाचन देतो. ते वाचन वजा करायचे असते, सोडून द्यायचे नसते.

त्याच वेळी पाणीही मोजावे. सेकंदाला एक लिटर पाणी एक मीटर उचलण्यास 9.81 वॅट लागतात. 200 लिटरचा ड्रम 33 सेकंदांत भरत असेल आणि पाइपमधील घर्षण धरून उंची 30 मीटर असेल, तर पाण्याला सुमारे 1,780 वॅट मिळतात, म्हणजे वरील 3.75 किलोवॅटपैकी निम्म्याहून कमी. पुढे वॅट वाढले आणि पाणी घटले, तर बेअरिंग किंवा इंपेलर (पाणी ढकलणारा पंखा) घासत असल्याचा संशय घेऊन पंप उघडून पाहावा. दोन्ही घटले, तर आधी विहिरीची पातळी आणि फूटव्हॉल्व्हची (ओढ पाइपच्या तळाच्या झडपेची) जाळी तपासावी.

कपॅसिटर (चुंबकीय क्षेत्रासाठी लागणारा प्रवाह मोटरजवळच पुरवणारा घटक) बसवल्यावर लाइनचे अँपिअर कमी दिसतात, परंतु मोटर घेत असलेले वॅट जवळपास तेवढेच राहतात. त्यामुळे वहीत प्रत्येक वाचनासमोर व्होल्टेज, पाण्याची पातळी आणि कपॅसिटर जोडलेला होता की नाही, याची नोंद असावी.