जुन्या एस्टीमची रॅलीगाडी: आधी रेडिएटर, मग शॉकअप

पहिल्या रॅलीची तयारी करणारा माणूस आधी ताकदीच्या मागे लागतो. मोठा एअर फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर, हेडचं काम. प्रत्यक्षात हौशी गाड्या स्टेजमध्ये, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या बंद रस्त्यावर, उभ्या राहतात त्या पाणी उकळल्यामुळे, शॉकअप बसल्यामुळे किंवा इंजिनाखालचं ऑइलचं चेंबर फुटल्यामुळे. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच की पहिल्या वर्षी इंजिनाला हात लावू नका. तो पैसा कूलिंग आणि सस्पेन्शनला घाला.

उदाहरणाला मारुती एस्टीम घेतो. १९९४ ते २००७ या काळात विकली गेलेली, १२९८ सीसीचं इंजिन, पुढची चाकं ओढणारी, पुढे आणि मागे दोन्हीकडे स्ट्रट (चाकालाही आधार देणारा शॉकअप). वजनाला हलकी, आणि कुठल्याही गावातला मिस्त्री ती उघडू शकतो. गाडी वेगळी असली तरी कामाचा क्रम हाच ठेवा. आधी कूलिंग, कारण सस्पेन्शन जुळवायला दिवसभर जोरात गाडी चालवावी लागते आणि तापणाऱ्या गाडीवर ते काम होत नाही.

पायरी १: नियम वाचा, मग पाना उचला

फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचे त्या वर्षीचे तांत्रिक नियम मिळवा आणि आपण कुठल्या गटात उतरणार हे आधी ठरवा. एका गटात चालणारा मोठा रेडिएटर दुसऱ्या गटात चालेलच असं नाही. रोलकेज (गाडी उलटली तर छप्पर दबू न देणारा पाइपांचा सांगाडा) आणि सीटबेल्टचं काम आधी उरकून घ्या, कारण त्याचं वजन पुढच्या हिशेबात धरायचं आहे.

पायरी २: चेंबर गार्ड सगळ्यात आधी

गार्ड शेवटी बसवायची चूक मी स्वतः केली आहे. रेडिएटर जमवला, स्प्रिंगा जमवल्या, मग खाली पत्रा ठोकला आणि दोन्ही हिशेब चुकले. गार्डमुळे पुढचं वजन वाढतं आणि इंजिनाखालून बाहेर पडणारी गरम हवा अडते.

८० बाय ७० सेंटिमीटरचा ३ मिमी जाडीचा लोखंडी पत्रा साधारण १३ किलो भरतो. तेवढाच ६ मिमीचा ॲल्युमिनियमचा ९ किलो. परवडत असेल तर ॲल्युमिनियम घ्या. पत्र्याच्या मागच्या भागात आडव्या खाचा पाडा, मात्र त्यांची तोंडं मागे उघडी राहू द्या, म्हणजे माती आत न जाता हवा बाहेर जाईल.

पायरी ३: हवेला रेडिएटरशिवाय दुसरी वाट ठेवू नका

रेडिएटर थंड होतो तो पुढचा दाब जास्त आणि मागचा कमी असल्यामुळे. हवा आळशी असते. बाजूने फट दिसली की ती जाळीतून कशाला जाईल? म्हणून रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांनी आणि फोमने बंद करा. दोनशे-तीनशे रुपयांचं हे काम मोठ्या रेडिएटरच्या तोडीचा फरक पाडतं. एसी काढायला परवानगी असेल तर रेडिएटरसमोरचा एसीचा कंडेन्सर आठवणीने काढा. नुसता कंप्रेसर काढून कंडेन्सर तिथेच ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत.

बॉनेटच्या मागच्या बिजागरीत वॉशर घालून ते उचलायची पद्धत आहे. त्याच्या नादी लागू नका. पुढच्या काचेच्या पायथ्याशी चालत्या गाडीत हवेचा दाब जास्त असतो, त्यामुळे वेगात गरम हवा तिथून बाहेर पडण्याऐवजी उलट बाहेरची हवा आत घुसते. उभ्या गाडीत थोडा उपयोग होतो, तेवढाच.

पायरी ४: पंखा, आणि वर्तमानपत्राचं पान

पंख्याला जाड वायर, स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्या. डॅशबोर्डवर तीन जागांचा स्विच ठेवा: आपोआप, कायम चालू, पूर्ण बंद. बंदची जागा ओढ्यासाठी. फिरत्या पंख्याची पाती पाण्यात वाकली की सरळ रेडिएटरच्या जाळीत घुसतात. फरशी पुलावर पाणी दिसलं की पंखा बंद, पलीकडे गेलं की चालू. हे शेजारी बसून रस्ता सांगणाऱ्या नेव्हिगेटरच्या वहीत लिहून ठेवा, तोच ओरडून सांगेल. पंख्याभोवतीचा प्लॅस्टिकचा घेर वजन वाचवायला काढू नका. तो नसेल तर पंखा फक्त स्वतःसमोरचा गोल थंड करतो.

वायरिंग नवीन केलं की एक चाचणी कराच. इंजिन बंद ठेवून पंखा चालू करा आणि वर्तमानपत्राचं पान गाडीच्या पुढून रेडिएटरसमोर धरा. पान जाळीला चिकटलं पाहिजे. माझं पान फडफडत माझ्याच तोंडावर आलं. दोन वायरी उलट लागल्या होत्या आणि पंखा येणाऱ्या हवेविरुद्ध फुंकत होता. रस्त्यावर काहीच जाणवलं नव्हतं. घाटातल्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये तापमानाचा काटा वर सरकायला लागला तेव्हा कळलं.

पायरी ५: पाणी, झाकण, थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, काढू नका. एका गॅरेजवाल्याने मला न विचारता माझा काढला होता, "साहेब, आता गाडी कधीच तापणार नाही" म्हणून. झालं असं की लायझनवर, म्हणजे दोन स्टेजमधल्या साध्या रस्त्यावर, इंजिन गरमच होईना. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूला (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला) वाटतं इंजिन अजून थंड आहे, मग ते पेट्रोल जास्तच सोडत राहतं. शिवाय ऑइल नीट तापत नाही आणि सिलिंडरचा बोअर झिजतो. त्यापेक्षा थर्मोस्टॅट तपासून घ्या: पातेल्यात पाणी, त्यात थर्मोस्टॅट दोऱ्याला टांगलेला आणि बाजूला थर्मामीटर. त्याच्यावर जो आकडा कोरलेला असेल त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे.

रेडिएटरचं झाकण नवीन घ्या. साध्या पाण्यावर ०.९ बारचा दाब टिकला तर ते समुद्रसपाटीला साधारण ११९ अंशांवर उकळतं. झाकणाचं रबर गेलं असेल तर १०० वरच उकळतं. एवढी मोठी गोष्ट त्या छोट्या झाकणावर अवलंबून आहे. हिमालयातल्या रॅलीला जाणाऱ्यांनी तर याचं जास्त भान ठेवावं. साडेचार हजार मीटरवर उघड्या भांड्यातलं पाणी ८५ अंशांच्या आसपास उकळतं, आणि तेच झाकण असूनही तुमची हद्द सुमारे १११ वर येते.

महाराष्ट्रात पाणी गोठायची भीती नाही, म्हणून मी ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर वापरतो. पाणी उष्णता जास्त वाहून नेतं, कूलंट गंज थांबवतं. बोअरिंगचं पाणी मात्र कधीच नको, क्षार जाळीत बसतात. हिमालयात जाणार असाल तर गोठणबिंदू बघून निम्मं-निम्मं करा.

पाण्यात अडकलेली हवा काढताना गाडीचं नाक चढावर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन चालू करा. थर्मोस्टॅट उघडला की वरचा होज पाईप गरम होतो. तो हाताने दाबत राहा. बुडबुडे थांबले की भरून झाकण लावा. बुडबुडे थांबतच नसतील तर हेडचं पॅकिंग गेलेलं असू शकतं. तसंच पुढे जाऊ नका.

कंपनीचा काटा मध्यावर गेला की बराच वेळ तिथेच बसतो आणि मग एकदम लाल रेघेवर जातो. अंश दाखवणारा वेगळा गेज लावा. पाणी संपल्यावर सेन्सर हवेत राहतो आणि गेज उलट थंड दाखवतो, म्हणून रेडिएटरच्या वरच्या भागात पाणी कमी झाल्याचा दिवा लावता आला तर सोन्याहून पिवळं. ऑइल कूलरची या इंजिनाला हौशी पातळीवर गरज नाही. तो एक जास्तीचा होज असतो, फुटायला.

पायरी ६: वजनकाट्यावर जा

आता सस्पेन्शन. गावाबाहेरच्या ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊन आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घ्या, मग फक्त मागची. दोघं आत बसलेले, स्टेपनी आणि हत्यारं जागेवर, टाकी अर्धी. समजा पुढे ६०० आणि मागे ४२० किलो आलं. म्हणजे पुढच्या प्रत्येक चाकावर ३००, मागे २१०. यातून चाक, ब्रेक, हब यांचं वजन वजा करा, पुढे अंदाजे ३५ आणि मागे ३०. स्प्रिंगवर खरं बसतं ते २६५ आणि १८० किलो.

पायरी ७: स्प्रिंग मोजा

रॅली म्हणजे कडक आणि खाली बसलेली गाडी, हा समज डांबरी ट्रॅकवरच्या रेसमधून आला आहे. मुरमाच्या रस्त्यावर चाक जमिनीला चिकटून राहिलं तरच पकड मिळते, आणि त्यासाठी मऊसर स्प्रिंग, लांब हालचाल आणि दणकट शॉकअप लागतो. स्प्रिंग कापून गाडी खाली घेणाऱ्याचं चाक प्रत्येक चाकोरीवर हवेत असतं.

जुन्या स्प्रिंगचा कडकपणा घरी मोजता येतो. गॅरेजमधल्या हायड्रॉलिक प्रेसखाली घरगुती वजनाचा काटा ठेवा, त्यावर स्प्रिंग उभी करा, थोडी दाबून वजन लिहा, आणखी २५ मिमी दाबून पुन्हा लिहा. वजनातला फरक ६३ किलो आला तर स्प्रिंग साधारण अडीच किलो प्रति मिमी. काट्याची कमाल ओलांडू नका आणि समोर उभे राहू नका, स्प्रिंग निसटली तर जीवावर बेतेल.

आता हिशेब. २६५ ला २.५ ने भागा: स्प्रिंग १०६ मिमी दबते. त्याचं वर्गमूळ १०.३. मग १५.८ या ठरलेल्या आकड्याला १०.३ ने भागा: १.५३. गाडीचं नाक सेकंदाला इतक्या वेळा वरखाली व्हायला बघतं. मागे २ किलो प्रति मिमीची स्प्रिंग घेतली तर १८० भागिले २ म्हणजे ९० मिमी, उत्तर १.६६. स्ट्रटच्या गाडीला हा हिशेब पुरेसा जवळ जातो. मुरमावर मी दीड ते पावणेदोनच्या मध्ये राहतो आणि मागचा आकडा पुढच्यापेक्षा थोडा जास्त ठेवतो. पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीचं नाक वळणात बाहेर जायला बघतं, मागची बाजू जरा कडक असली की ती वळायला मदत करते.

पायरी ८: उंची, शॉकअप, बुश

गाडी ३० ते ४० मिमी उचला, त्याहून जास्त नको. ड्राइव्हशाफ्टचे सांधे तिरके होतात, त्यांचे रबरी बूट फाटतात आणि वरखाली होताना चाकांची दिशा बदलते. स्ट्रटवर नुसता ठोकळा ठेवून उंची वाढवू नका. उंची वाढते, पण चाकाला खाली जायला जागा उरत नाही. एकूण हालचालीतला निदान एक तृतीयांश भाग खाली जाण्यासाठी राखा. शॉकअपच्या दांड्यावर चांगला फोमचा बंपस्टॉप हवाच, उडी मारून उतरताना शेवटची स्प्रिंग तोच असतो.

पैसे कमी असतील तर स्प्रिंगा जुन्याच ठेवा आणि चारही शॉकअप नवे, गॅसचे घ्या. आयात केलेल्या महागड्या संचापेक्षा पहिल्या वर्षी नवा साधा संच आणि एक जादा जोडी बरी. स्ट्रट टॉवरच्या पत्र्याला तडे नाहीत ना हे टॉर्च घेऊन पाहा, गंज असेल तर आधी वेल्डिंग.

चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे रबरी बुश बदलताना बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे घट्ट करा. जॅकवर लटकत्या आर्मचा बोल्ट कसला तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि महिन्याभरात फाटतं. हे खूप गॅरेजांत चुकतं.

पायरी ९: सुतळीची अलाइनमेंट

चार स्टँड, दोन सुतळ्या, एक स्टीलची पट्टी. सुतळ्या हबच्या उंचीला आणि गाडीच्या मध्यरेषेपासून दोन्हीकडे सारख्या अंतरावर ताणा. जॅकवरून उतरवलेली गाडी आधी चार-पाच मीटर ढकला, मगच मापं घ्या. पुढच्या चाकांची पुढची कड मागच्या कडेपेक्षा शून्य किंवा एखादा मिलिमीटर बाहेर, मागच्या चाकांची एखादा मिलिमीटर आत. टायरमध्ये २६ ते २८ पीएसआयपासून सुरुवात करा, रिम स्टीलचीच ठेवा.

पायरी १०: चाचणी

बंद खाणीचा किंवा शेताचा रस्ता मालकाच्या परवानगीने घ्या. चारही शॉकअपच्या दांड्यांवर एकेक केबल टाय बांधून खाली सरकवा आणि पाच किलोमीटर पूर्ण वेगाने जा. टाय कुठवर सरकली ते वहीत लिहा, तापमान लिहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. टाय प्रत्येक फेरीला बंपस्टॉपमध्ये खोल जात असेल तर स्प्रिंग कडक करा. कधीच पोचत नसेल तर ती गरजेपेक्षा कडक आहे.

स्टेज संपल्यावर लगेच इंजिन बंद करू नका. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा, पंखा कायम चालूवर. सर्व्हिसच्या थांब्यावर रेडिएटरची जाळी बघा. आपल्याकडची काळी माती एकदा जाळीत वाळली की विटेसारखी बसते. ती मागून पुढे, साध्या नळाच्या धारेने काढा, प्रेशर गनने पाती वाकतात.

मग वाकून चारही शॉकअपजवळ हाताची मागची बाजू न्या, टेकवू नका. खड्ड्यांचा मार शॉकअप उष्णतेत बदलतो, म्हणून चांगला शॉकअप स्टेजनंतर तापलेलाच असतो. डावा-उजवा सारखे गरम लागले पाहिजेत. एखादा त्याच्या जोडीदारापेक्षा थंड लागला तर तोच काढा. त्याने काम करणं सोडलं आहे.