खान्देशात मुलाखत घेताना: माणसे बोलायला का तयार होतात?

१९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी टिपण्यासाठी धुळे किंवा जळगाव जिल्ह्यातील एखाद्या गावी जायचे असेल, तर प्रश्न लिहून काढण्याआधी समोरचा माणूस आपल्याला वेळ का देईल, याचा विचार करावा. बहुतेकांना आपण सोसलेले कुणीतरी नीट ऐकून घ्यावे असे वाटते, काहींना ते नातवंडांसाठी नोंदलेले हवे असते, तर काही जण ओळखीच्या माणसाचा शब्द मोडवत नाही म्हणून होकार देतात. हा शेवटचा होकार सर्वांत कच्चा असतो; मध्यस्थ उठून गेल्यावर पुन्हा एकदा विचारावे आणि नकार आला तर मनापासून मानावा.

रावेर-यावलकडे केळीची काढणी सुरू असताना भेट मागू नये. उत्तर अहिराणीत किंवा लेवा बोलीत आले, तर ते तसेच लिहून घ्यावे.

‘दुष्काळात काय झाले?’ हा प्रश्न फार मोघम आहे. त्याऐवजी ‘मिलोची लाल भाकरी घरात पहिल्यांदा आली तेव्हा कोण काय म्हणाले?’ असे विचारावे (मिलो म्हणजे तेव्हा परदेशातून आलेली लाल ज्वारी). खडी फोडण्याच्या दुष्काळी कामावर मिळणाऱ्या सुकडीची, म्हणजे मजुरांना वाटल्या जाणाऱ्या कोरड्या पौष्टिक खाऊची, चव सांगता सांगता आजीबाई मजुरी, कर्ज आणि विकलेल्या बैलजोडीपर्यंत आपसूक येतात. तिथे त्या थांबल्या, तर आपणही थांबावे, पुढचा प्रश्न रेटू नये.

रेकॉर्डिंग परवानगीनेच करावे. निघण्यापूर्वी टिपण वाचून दाखवावे आणि ‘हे नको’ म्हटलेला मजकूर त्यांच्यासमोरच खोडावा.