हाताने १८व्या शतकातला गाऊन शिवताय? या चुका टाळा

१७७५च्या आसपासचा इंग्लिश गाऊन हाताने शिवण्यासाठीच घडलेला आहे. शिवणयंत्र यायला तेव्हा अवकाश होता. त्यामुळे तो टाक्यांनी क्वचितच बिघडतो. बिघडतो तो मापाने आणि कामाच्या क्रमाने.

पहिली चूक मापाची. या गाऊनच्या आत स्टेज, म्हणजे पट्ट्या घालून कडक केलेली चोळी असते. ती छाती वर उचलते, खांदे मागे ओढते आणि धड पुढून सपाट, निमुळतं करते. ती न घालता घेतलेलं माप निरुपयोगी. आधी स्टेज, मग कमरेला मागची गादी आणि आतला घागरा, आणि या सगळ्यावर मांजरपाटाचा नमुना. नमुन्याला छातीजवळ डार्ट (आकारासाठी शिवलेली निमुळती घडी) घ्यावासा वाटला, तर स्टेज तरी सैल आहे किंवा चुकीच्या मापाची आहे.

अस्तर आणि कापड सुलट बाजू समोरासमोर ठेवून एकदम शिवणं आणि उलटवणं, ही आजच्या ब्लाउजची सवय इथे नडते. आधी लिननचं अस्तर अंगावर बसवायचं. मग वरचं कापड त्यावर टाचण्यांनी लावत जायचं. असं केलं की बाहेरच्या कापडाची ओढ दिसते तिथेच सोडता येते.

सगळ्यात जास्त कापड वाया जातं ते पाठीत. मधल्या चुण्या मानेपासून घेरापर्यंत एकसंध उतरतात. त्या अस्तरावर टाचून, वरून विरळ उलट टाक्याने (सुई दर वेळी थोडी मागे नेऊन पुढे काढायची) सगळ्या थरांतून पक्क्या कराव्यात. मग कमरेच्या रेषेवर बाजूकडून चुण्यांपर्यंत आडवा काप द्यायचा: कापाच्या वरचं कापड पाठीत जातं, खालचं घेरात. हा काप एक सेंटिमीटर जास्त गेला तरी चुणीच्या कडेशी भोक दिसतं आणि ते लपत नाही. रंगीत दोऱ्याने खूण करा, दीड सेंटिमीटर अलीकडे थांबा, अंगावर घालून पाहा आणि मगच उरलेलं कापा.

घेराच्या चुण्या अंदाजाने घातल्या की एका बाजूला कापड उरतं. एका बाजूच्या २८ सेंमी कमरेत ११२ सेंमी कापड बसवायचं असेल, तर दिसणाऱ्या दर १ सेंमीमागे ४ सेंमी लागतं. त्यातलं ३ सेंमी दुहेरी दुमडून आत जातं, म्हणजे प्रत्येक चुणी दीड सेंमी खोल.

खालची किनार कापून घेर समतल करू नका. गादीमुळे मागची लांबी जास्त लागते. ती खालून जुळवली तर कापडाचा आडवा धागा तिरका होतो आणि छापाच्या वेलीही तिरक्या दिसतात. खाली सरळ ठेवून जास्तीचं कापड कमरेशी आत दुमडा. जमिनीपासूनचं माप पायात जोडे घालूनच घ्यावं.

मुंढा, म्हणजे बाही जोडायचं भोक, मात्र लहानच हवा. ‘हात मोकळा हलावा’ म्हणून तो खोल कापला, तर हात उचलताच अख्खा गाऊन वर येतो. कापला गेलाच असेल तर काखेत अस्तरासह ठिगळ लावा. ते त्या काळाशीही विसंगत नाही. बाहीचा खालचा अर्धा भाग उलट टाक्याने जोडायचा, वरचा अर्धा अंगावर घालून खांद्याच्या अस्तरावर बसवायचा आणि त्यावर बाहेरची खांदापट्टी शिवून शिवण झाकायची.

टाके सगळीकडे बारीक हवेत असं नाही. घेराच्या लांब शिवणींना सेंटिमीटरला तीन धावटाके पुरतात. ताण येतो तिथे उलट टाका. दोरा हातभरापेक्षा लांब घेतला की गुंततो आणि झिजतो. त्याला मधमाशीचं मेण लावा. रेशमावर शिवण गोळा होत असेल तर दोरा जास्त ओढला जातोय.

कापड ४४ इंची पन्ह्याचं, घागऱ्यासह साधारण ६ ते ७ मीटर धरा. चकचकीत पॉलिएस्टर सॅटिन नको, कारण ते टाचलेली घडी धरत नाही. पांढऱ्या जमिनीवर वेलबुट्टी असलेलं मछलीपट्टणमचं कलमकारी सुती कापड चांगलं शोभतं. कोरोमंडल किनाऱ्यावरून असंच वेलबुट्टीचं कापड युरोपात जात असे. इंग्लंडमध्ये छापील सुती कापड वापरण्यावर १७२१च्या कायद्याने बंदी होती, ती १७७४मध्ये ब्रिटनमध्ये बनलेल्या कापडापुरती उठली. म्हणून या कापडाच्या गाऊनला १७६० सालचा कट देऊ नये. सुती कापड कापण्याआधी धुऊन आटवून घ्या, लिननचं अस्तरही.