स्थळ दाखवणारे इंग्रजी शब्द : या चुका टाळा

‘इन’ म्हणजे आत, ‘ऑन’ म्हणजे वर, ‘अंडर’ म्हणजे खाली, ‘बाय’ म्हणजे द्वारे, अशी दोन रकान्यांची यादी मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांच्या वहीत कधी ना कधी उतरलेली असते. परीक्षेच्या आदल्या रात्री ती उपयोगी पडते हे मान्य. पुढे मात्र ती जन्मभर छळते. अनुवाद तपासणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे, आणि माझा अनुभव असा की कायद्याची कलमे किंवा वैद्यकीय संज्ञा फारशा चुकत नाहीत, कारण त्या शब्दांचा धाक असल्यामुळे लोक निमूटपणे कोश उघडतात. चुकतात ते हे दोन-चार अक्षरी शब्द, कारण ‘एवढे तर येतेच’ अशी प्रत्येकाची खात्री असते. त्यातल्या ‘ओव्हर’ या एकट्या शब्दाच्या अर्थांवर क्लॉडिया ब्रुगमन यांनी १९८१ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, प्रबंध लिहिला, आणि त्यानंतरही भाषाशास्त्रज्ञ त्या शब्दाच्या अर्थांवर वाद घालतच आहेत. तो शब्द आपल्याला चौथीतच आला, असे समजणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.

‘ओव्हर’ दिसला की ‘वर’ लिहिणे

सुरुवात याच शब्दापासून करतो, कारण माझ्या लाल शाईचा मोठा भाग यावरच खर्च होतो. टेबलावर टांगलेला दिवा ‘ओव्हर द टेबल’ असतो आणि टेबलाला त्याचा स्पर्श नसतो. टेबलावर अंथरलेला कपडाही ‘ओव्हर द टेबल’ असतो आणि तो मात्र टेबलाला पुरता चिकटलेला असतो. चोर ‘ओव्हर द वॉल’ जातो तेव्हा तो भिंतीवरून जातो. माणूस ‘ऑल ओव्हर द सिटी’ हिंडतो तेव्हा तो शहरभर हिंडतो. ‘ओव्हर देअर’ म्हणजे नुसते तिकडे, त्यात उंचीचा काही संबंध नाही. आणि ‘ओव्हर द ब्रिज’ राहणारा मनुष्य पुलावर झोपत नाही, तो पुलापलीकडे राहतो.

हे शेवटचे उदाहरण मी कल्पनेने रचलेले नाही. आरोग्यविषयक एका पत्रकाचा मराठी मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. मूळ इंग्रजीत दवाखाना ‘जस्ट ओव्हर द ब्रिज’ असल्याचे लिहिले होते आणि मराठीत ‘दवाखाना पुलाच्या अगदी वर आहे’ असे उतरले होते. अनुवादकाला दूरध्वनी करून विचारले, तर त्याने अत्यंत शांतपणे सांगितले की पुलावर एखादी तात्पुरती टपरी उभारली असेल, अशी त्याची समजूत झाली होती. एरवी हसून सोडून दिले असते. पण ते पत्रक गरोदर स्त्रियांसाठी होते, आणि त्या पुलावर वाहनाला थांबण्याची जागाही नव्हती. अधिक खोदून विचारल्यावर कळले की पहिला मसुदा यंत्राने केला होता आणि या गृहस्थांनी केवळ शुद्धलेखन पाहिले होते. यंत्राचा मला राग नाही. एका मिनिटात मिळालेल्या मजकुरावर दुसरे मिनिटही खर्च न करण्याच्या वृत्तीचा आहे.

यावर माझी सवय साधी आहे. स्थळ दाखवणारा इंग्रजी शब्द आला की मी मूळ वाक्य हाताने झाकतो आणि समासात पेन्सिलीने दोन रेघांचे चित्र काढतो : पूल कुठे, माणूस कुठे, दवाखाना कुठे. चित्र निघाले की मराठी शब्द आपोआप सुचतो, कारण तो चित्रावरून येतो. चित्र निघत नसेल, तर वाक्य कळलेले नाही, असे समजावे आणि पुढे जाऊ नये.

‘ऑन’ आणि ‘इन’ यांना मराठी विभक्तीत कायमचे कोंबणे

इंग्रजीत अंगठी ‘ऑन द फिंगर’ असते, मराठीत ती बोटात असते. बूट ‘ऑन द फीट’, आपल्याकडे पायांत. अंगावर शाल आणि अंगात सदरा, हा फरक मराठी मूलही चुकवत नाही. इंग्रजीला तो करावासा वाटत नाही, ती दोन्हींना ‘ऑन’ लावून मोकळी होते. उलट पाल छताला चिकटलेली असताना ती छताच्या ‘वर’ नसून खालच्या बाजूला असते, तरी इंग्रजीत ती ‘ऑन द सीलिंग’च. कारण ‘ऑन’ या शब्दाचे लक्ष उंचीपेक्षा पृष्ठभागाशी जडलेल्या संबंधावर अधिक असते. इंग्लंडमधील स्ट्रॅटफर्ड हे गाव ‘अपॉन एव्हन’ आहे, म्हणजे एव्हन नदीच्या काठी आहे. तिथली घरे नदीवर तरंगत नाहीत. आपणही ‘पंढरपूर भीमेवर आहे’ असे म्हणू शकतो, पण सरकारी कागदात ‘तळ्यावरील घर’ असे लिहिले की वाचणाऱ्याला काश्मीरची हाउसबोट आठवते.

शिकवण्यांच्या वेळी माझ्या टेबलावर एक वाटी आणि काही सुपाऱ्या असतात. वाटीत सुपाऱ्यांचा ढीग केला आणि सर्वांत वरची सुपारी वाटीच्या काठापेक्षा उंच गेली, तरी ती ‘इन द बोल’च राहते, कारण वाटीने ढीग धरून ठेवलेला आहे. तीच वाटी एका सुपारीवर पालथी घातली, तर सुपारी चहूबाजूंनी बंद होऊनही ‘इन’ राहत नाही, ‘अंडर’ होते. ‘इन म्हणजे आत’ हे सूत्र या दोन्ही ठिकाणी उघडे पडते. अधीर विद्यार्थी या सुपाऱ्यांना कंटाळतात आणि ‘सर, सरळ नियम सांगा ना’ म्हणतात. नियम सांगितला की तो वहीत जातो आणि तिथेच राहतो. वाटी पालथी घालून पाहिलेली मात्र लक्षात राहते, असे मी पाहत आलो आहे. जाता जाता, कोटाच्या आत घातलेला स्वेटर इंग्रजीत ‘अंडर द कोट’ असतो. त्याला ‘कोटाखालील स्वेटर’ करू नये.

काही ठिकाणी मराठी कान थेट मदतीला येतो, तेव्हा त्याचे ऐकावे. खोलीच्या कोपऱ्यात खुर्ची आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान, हा भेद आपण रोज करतो. इंग्रजीतही पहिल्याला ‘इन द कॉर्नर’ आणि दुसऱ्याला ‘ऑन’ किंवा ‘ॲट द कॉर्नर’ म्हणतात. वाहनांच्या बाबतीत मात्र कान दगा देतो : मोटारीत बसलेला ‘इन द कार’, बसमध्ये बसलेला ‘ऑन द बस’. ज्यात उभे राहून चालता येते त्या सार्वजनिक वाहनाला ‘ऑन’, हा ढोबळ आडाखा बऱ्याच वेळा निभावतो.

‘इन हॉस्पिटल’ आणि ‘ॲट द हॉस्पिटल’

ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत ‘इन हॉस्पिटल’ म्हणजे रुग्ण म्हणून दाखल. एका रुग्णालयात हिशेबनीस असलेल्या माझ्या विद्यार्थिनीने परदेशातील मैत्रिणीला ‘आय ॲम इन हॉस्पिटल टिल सिक्स’ असे कळवले आणि संध्याकाळपर्यंत तिच्या घरी चौकशीचे तीन फोन आले. ‘ॲट’ हा शब्द माणसाला नकाशावरच्या एका ठिपक्यावर ठेवतो. इमारतीच्या आत की बाहेर, कामाला की उपचाराला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. म्हणूनच ‘स्टेशनवर भेटू’ याला ‘ॲट द स्टेशन’ हेच योग्य.

‘समोर’ : सर्वांत महाग पडणारी चूक

मराठीतला ‘समोर’ हा शब्द इंग्रजीतल्या दोन वेगळ्या जागा एकट्याने सांभाळतो. वस्तूच्या लगत पुढच्या बाजूला असलेली जागा ‘इन फ्रंट ऑफ’, आणि मध्ये रस्ता किंवा मोकळी जागा सोडून पलीकडे, तोंडासमोर असलेली जागा ‘ऑपोझिट’. आपण दोन्हींना समोर म्हणतो आणि ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. इंग्रजीत ही सोय नाही.

आमच्या भागातील एका गृहनिर्माण संस्थेने ‘गेटसमोर वाहने लावू नयेत’ ही सूचना इंग्रजीतही रंगवून घ्यायची ठरवली. फलक रंगवणाऱ्याने किंवा त्याला मजकूर देणाऱ्याने ‘नो पार्किंग ऑपोझिट गेट’ असे लिहिले, आणि तो फलक मोठ्या दिमाखात फाटकाच्या खांबावर चढला. संस्थेत नियमाला नियमानेच उत्तर देणारे एक निवृत्त सभासद होते. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून आपली मोटार थेट फाटकाच्या तोंडाशी लावायला सुरुवात केली. चिटणीसांनी हटकले, तेव्हा त्यांनी फलकाकडे बोट दाखवून ‘ऑपोझिट म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, तिथे मी कधीही गाडी लावलेली नाही’ असे उत्तर दिले, आणि शब्दार्थाच्या दृष्टीने ते बरोबर होते. इकडे पहारेकऱ्याला कोणीतरी फलकाचा अर्थ समजावून सांगितल्यामुळे तो पलीकडच्या किराणा दुकानापुढे थांबणाऱ्या गिऱ्हाइकांना शिट्ट्या मारून हाकलू लागला. दुकानदार भांडायला आला. हा तमाशा पाण्याचा टँकर येईपर्यंत चालला. टँकरला आत वळता येईना, मोटारीचे मालक बाहेरगावी गेलेले, आणि अख्ख्या इमारतीच्या टाक्या कोरड्या.

मग कार्यकारिणीची तातडीची सभा झाली आणि फलक बदलला, तो ‘नो पार्किंग फ्रंट ऑफ गेट’ असा. त्यातला गळालेला ‘इन’ पाहून एका शिक्षिकेने मला बोलावले. मी सुचवले की समोर-पलीकडे हा घोळच नको. ‘कीप गेट क्लिअर’ एवढे तीन शब्द लिहावेत, म्हणजे फाटक मोकळे ठेवावे. स्थळवाचक शब्द अडचणीचा असेल, तर त्याच्याशी झटण्यापेक्षा वाक्यच दुसरे करणे, ही माझी आवडती युक्ती आहे, आणि शब्दाला शब्द चिकटवणाऱ्यांना नेमके तेच सुचत नाही.

मराठीतून इंग्रजी लिहिणाऱ्यांना माझा आग्रह असा की कच्च्या मसुद्यात ‘समोर’ हा शब्द आला की तो खोडावा आणि त्या जागी दारापुढे, पुढ्यात, रस्त्यापलीकडे यांपैकी कोणता बसतो ते आधी मराठीतच ठरवावे. ‘दारात’ या शब्दाबाबतही सावध असावे. दारात गाडी उभी आहे म्हणजे ती दारापुढे उभी आहे. ‘इन द डोअर’ लिहिले तर ती चौकटीत अडकलेली दिसते. ज्यांच्या दारात हत्ती झुलत, त्यांचे वर्णन करताना तर अनर्थच होईल. आणखी एक बारकावा असा की बस, घर, माणूस यांना स्वतःचे तोंड असते, म्हणून ‘इन फ्रंट ऑफ द बस’ म्हणजे बसच्या नाकाडापुढे. झाडाला तोंड नसते. तिथे ‘इन फ्रंट’ म्हणजे झाड आणि पाहणारा यांच्या मध्ये. पाहणारा झाडाच्या पलीकडे गेला की जागाही बदलते.

‘ऑफ’

‘ऑफ द कोस्ट ऑफ मुंबई’ याचे ‘मुंबईच्या किनाऱ्यावर’ असे भाषांतर मी इतक्या वेळा खोडले आहे की आता हात आपोआप वळतो. मुंबई हाय हे तेलक्षेत्र १९७४ मध्ये सापडले ते अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर. ‘किनाऱ्यावर’ म्हटल्याने ते चौपाटीवर येऊन बसते. ‘मुंबईनजीकच्या समुद्रात’ किंवा ‘मुंबईच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात’ असे अंतर पाहून लिहावे. पत्त्यातला ‘ऑफ’ निराळा : ‘ऑफ अमुक रोड’ म्हणजे त्या रस्त्यावर नव्हे, तर त्याला फुटणाऱ्या आडगल्लीत. अशा पत्त्यावरचे घर मुख्य रस्त्यावर शोधत फिरणारे पार्सलवाले हल्ली नकाशावर खूण मागवतात, ते योग्यच आहे.

थोडक्यात आटोपण्याजोग्या

‘बाय द रिव्हर’ म्हणजे नदीकाठी. ‘नदीद्वारे’ लिहिणाऱ्याने काही दिवस लेखणी खाली ठेवावी.

दुकानावर ‘एंट्री फ्रॉम बॅकसाइड’ लिहू नये. बॅकसाइड म्हणजे माणसाचा बसायचा अवयव. ‘एंट्रन्स ॲट द रिअर’ लिहावे.

‘आउट ऑफ स्टेशन’ हे भारतीय इंग्रजीत चालते, परदेशी माणसाला कळत नाही. यातले ‘स्टेशन’ म्हणजे इंग्रजी अमदानीत अधिकाऱ्यांच्या मुक्कामाचे ठिकाण. ‘हिल स्टेशन’मध्ये तेच उरले आहे. ‘आउट ऑफ टाउन’ म्हणावे.

रेल्वेचे ‘अप’ आणि ‘डाउन’ चढउतारावरून ठरत नाहीत. मुंबईकडे येणारी गाडी अप, मुंबईहून निघालेली डाउन. म्हणून बोरघाट चढून सहाशे मीटरांहून उंच असलेल्या लोणावळ्याला पोहोचणारी गाडी ‘डाउन’च असते.

नदीचा ‘लेफ्ट बँक’ हा प्रवाहाच्या दिशेने तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला येणारा काठ. लिहिणारा कोणत्या काठावर बसला आहे, याला महत्त्व नाही. पाटबंधारे खात्याचे डावे-उजवे कालवे याच हिशेबाने ओळखले जातात.

‘ॲट द बॉटम ऑफ द गार्डन’ म्हणजे बागेच्या तळाशी नव्हे, घरापासून दूरच्या टोकाला. ‘फूट ऑफ द बेड’साठी मात्र मराठीत ‘पायगत’ हा नेमका शब्द आहे; तो सोडून ‘पलंगाचा पाय’ का लिहितात, हे लिहिणारेच जाणोत.

मजल्यांचा घोळ

भारतात आणि ब्रिटनमध्ये रस्त्याच्या पातळीवरचा मजला म्हणजे तळमजला आणि त्याच्या वरचा पहिला. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी रस्त्याच्या पातळीवरचाच ‘फर्स्ट फ्लोअर’. मुलाकडे निघालेल्या, गुडघे दुखणाऱ्या आईवडिलांसाठी घर पाहताना हा एका जिन्याचा फरक फार मोठा असतो, आणि ‘सेकंड फ्लोअर’ वाचून दोन जिने मोजणारे किंवा उलट पुण्यातला दुसरा मजला अमेरिकी माणसाला ‘सेकंड’ सांगणारे, दोघेही मला भेटले आहेत. मजल्याचा आकडा विचारूच नये; रस्त्यापासून किती जिने चढावे लागतात, ते विचारावे. तिकडच्या लिफ्टमध्ये बाहेर पडण्याच्या मुख्य मजल्याच्या बटणाशेजारी उठावाची चांदणी असते. खाली यायचे असेल, तर आकड्यांच्या नादी न लागता त्या चांदणीशेजारचे बटण दाबावे.