जगात उलथापालथ चालू असताना पैसे कुठं टाकायचे, हे कसं ठरवायचं

अमेरिकेने टॅरिफ म्हणजे आयात कर लावला, फेडने म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने व्याजाचा रेट बदलला, कुठं युद्ध पेटलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर सुरू, भाऊ सोनं घेऊन टाकू का, भाऊ शेअर काढून टाकू का. अरे बाप्पा, आधी आपली कमाई कुठून येते ते तर बघा. बहुतेक लोक गुंतवणुकीची सुरुवात "कुठं जास्त मिळून राहिलं" इथून करतात, आणि माझ्या मते तिथंच गाडी चुकते.

म्हणजे कसं, पोरगा नागपूरच्या मिहानमध्ये आयटी कंपनीत आहे, पगार अमेरिकन क्लायंटच्या जिवावर चालतो, आणि दर महिन्याची एसआयपी पण फक्त आयटी कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या फंडातच कारण त्यातलंच कळतं. तिकडे मंदी आली की इंक्रिमेंटही गेलं आणि फंडही पडला, दोन्ही एकाच महिन्यात. काटोल-वरूडकडे बघा, बांगलादेशने संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं आणि फटका इथल्या बागांना बसला. ज्याची बाग आहे, वर कृषी केंद्र पण त्याच गावात आहे, त्याने हाती आलेल्या पैशातून तिथंच अजून दोन एकर घेतलं तर ती काही नवीन गुंतवणूक नाही, तोच जुगार मोठा केला. म्हणून वहीत आधी लिहा: माझी कमाई कशावर टिकून आहे? डॉलर, शेतमाल, सरकारी पगार, बांधकाम, जे असेल ते. मग पैसा शक्यतो त्याच्या बाहेर टाका. सरकारी नोकरी आणि पेन्शनवाला शेअर बाजारात थोडी जास्त रिस्क घेऊ शकतो, धंदेवाल्याने मात्र सहा-आठ महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवल्याशिवाय पुढं जाऊच नये.

दुसरा प्रश्न, पैसा परत कधी लागणार. तीन वर्षांच्या आत पोरीचं लग्न किंवा कॉलेजची फी असेल तर शेअर बाजाराचा विषयच बंद, बातमी कितीही चांगली असो. टॅरिफच्या भीतीने 7 एप्रिल 2025 ला सेन्सेक्स एका दिवसात 2,200 पॉइंटच्या वर आपटला होता, आणि मे च्या मध्यात बाजाराचा दुसरा निर्देशांक निफ्टी परत 25 हजाराच्या वर. ज्याला थांबता आलं त्याचं काहीच बिघडलं नाही, ज्याला एप्रिलमध्येच फी भरायची होती त्याचं बिघडलं.

आता सोनं, कारण इतवारीच्या सराफ्यात गर्दी काही कमी होत नाही. आपल्याकडचा भाव तीन गोष्टींनी बनतो, जगातला डॉलरमधला भाव, रुपया आणि आयात शुल्क. समजा डॉलरमधला भाव जागचा हललाच नाही, पण डॉलर 83 वरून 88 रुपयांवर गेला, तर इथं सोनं साधारण 6 टक्के महाग होतं, म्हणजे ती वाढ सोन्याची नाही, रुपयाच्या घसरणीची आहे. उलटही होतं, जुलै 2024 च्या बजेटमध्ये शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आणलं आणि इथले भाव लगेच खाली आले, जगात काहीही न घडता. त्यामुळे "सोनं कधी पडत नाही" म्हणणाऱ्याला हे तीन तुकडे वेगळे करून विचारा. आणि दागिना म्हणजे गुंतवणूक नाही बरं का, मजुरी आणि 3 टक्के जीएसटी गेला की सुरुवातच तोट्यातून होते. घालायचं असेल तर हौसेने घ्या, नुसतं ठेवायचं असेल तर गोल्ड ईटीएफ बघा, म्हणजे सोन्याच्या भावावर चालणारा, शेअरसारखा घेता-विकता येणारा फंड.

एफडीचा हिशोब सोपा आहे पण कोणी करत नाही. 7 टक्के व्याज, 20 टक्के टॅक्स, हातात 5.6. महागाई 5 असेल तर खरी कमाई साधारण अर्धा टक्का. तरी एफडी ठेवायचीच, अडीनडीसाठी, फक्त एका बँकेत मुद्दल-व्याज धरून 5 लाखांच्या वर नको, ठेवींचा विमा तेवढ्यालाच आहे, आणि पतसंस्थेला तर तो विमा नाहीच. रिझर्व्ह बँक रेट कमी करायच्या मूडमध्ये दिसली तर लांब मुदतीची एफडी आधीच लॉक करा, रेट चढत असतील तर छोट्या मुदतीच्या तीन-चार करून ठेवा म्हणजे मोडावी लागत नाही.

प्लॉटचं थोडक्यात सांगतो. वर्धा रोड, हिंगणा, समृद्धी महामार्गाच्या बाजूला, सगळीकडे बोर्ड आहेत. एनए म्हणजे बिगरशेती आहे का, आरएल म्हणजे रिलीज लेटर आहे का, सातबाऱ्यावर नाव कोणाचं, हे वकिलाकडून बघून घ्या, आणि विकायला काढला तर किती महिन्यांत ग्राहक येतो ते त्याच लेआउटमध्ये आधी प्लॉट घेतलेल्याला विचारा, ब्रोकरला नाही. जगात पैशाची टंचाई आली की प्लॉटचा भाव कागदावर पडत नाही, फक्त घेणारा गायब होतो.

आणि टेलिग्रामवर कोणी युद्धाची बातमी टाकून "महिन्याला 10 टक्के पक्के" म्हणत असेल तर शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या साइटवर त्याचा रजिस्ट्रेशन नंबर शोधा. नसेल तर ग्रुप सोडा. नंबर सापडला तरी पक्क्या परताव्याची हमी द्यायची परवानगी सल्लागाराला नसते, आणि नंबर दुसऱ्याचा चोरलेला पण असू शकतो, म्हणून साइटवर दिलेल्या फोनवरच खात्री करा. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तेव्हाच्या तेव्हा फोन लावा, जितका उशीर तितकी रक्कम पुढच्या खात्यात सरकते.