शिंपला रंगवायचाय? घरात पडलेले बाहेर काढा

आपल्या नागपुरात समुद्र नाही पण शिंपले घरोघरी सापडतात, कोणी गणपतीपुळ्याला जातं कोणी अलिबागला, पिशवीभर घेऊन येतं अन् मग ते शोकेसमधल्या बरणीत वर्षानुवर्षं पडून राहतात. या मे महिन्यात भाची आली होती, दुपारी बाहेर निघायची सोय नाही, म्हणून आम्ही दोघींनी बरणी रिकामी केली अन् रंगवायला बसलो. जे जमलं ते सांगते.

पहिल्यांदा पंख्यासारखा, उभ्या घड्या असलेला शिंपला घ्या, गुळगुळीत नको. त्या घड्याच तुम्हाला रंग कुठून कुठे न्यायचा ते दाखवतात, वेगळं ड्रॉइंग काढायची गरजच पडत नाही.

धुवायचं कोमट पाणी, भांड्याचा साबण अन् जुन्या टूथब्रशने. कोणी सांगतं व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात टाका, चकाचक होतो. नका टाकू प्लीज. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा, आंबट लागलं की बुडबुडे येतात अन् तो विरघळायला लागतो. मी एक रात्रभर ठेवला होता, सकाळी घड्यांची धार गेलेली अन् बोटाला पांढरी भुकटी. धुतल्यावर पूर्ण सुकू द्या, आतल्या कोपऱ्यात ओल राहिली की वरचा रंग नंतर पापुद्र्यासारखा निघतो.

रंग अ‍ॅक्रेलिकच घ्या, फेविक्रिलच्या छोट्या बाटल्या स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. वॉटर कलर शिंपल्यावर टिकत नाही, ओला हात लागला की गेला. आधी पांढऱ्याचे दोन पातळ हात द्या, एक जाड नाही, कारण जाड रंगाने घड्या बुजतात. अन् हा पांढरा टाळू नका, पिवळा रंग पारदर्शक असतो, खाली तपकिरी शिंपला असला की तो मळकट दिसतो.

आता खरी मजा. शिंपल्याचं बिजागरीकडचं जे टोक असतं ना ते त्याचं सगळ्यात जुनं, अगदी लहानपणीचं अंग, तिथून तो बाहेर वाढत जातो अन् कड सगळ्यात नवी असते. म्हणून मी टोकाला पिवळा लावते, मग केशरी, मग गुलाबी, मग जांभळा अन् कडेला निळा. शेजारचे दोन रंग ओले असतानाच दुसऱ्या, थोड्या ओलसर ब्रशने घडीच्या दिशेने ओढायचे, आडवे नाही. केशरी अन् निळा शेजारी आणू नका, मिसळले की चिखलाचा रंग होतो, मध्ये गुलाबी-जांभळा पाहिजेच.

आपल्याकडे ४४-४५ डिग्रीत रंग प्लेटमध्येच सुकून राहिला असतो, म्हणून प्लेटवर ओला रुमाल, त्यावर बटर पेपर अन् त्यावर थेंब थेंब रंग काढायचा, एकदम ओतायचा नाही. शिंपलाही एकदम अख्खा नाही, अर्धा-अर्धा रंगवा.

सगळं सुकलं की गडद निळ्यात भरपूर पाणी घालून ते अख्ख्या शिंपल्यावर सोडा. घाबरू नका, क्षणभर सगळं काळवंडल्यासारखं दिसतं, मग लगेच सुती फडक्याने वरून हलकं पुसायचं. उंच भागावरचा निळा निघतो अन् खाचांमध्ये बारीक रेघेसारखा राहतो. भाची हे पाहून एकदम चूप झाली होती, प्रत्येक घडी वेगळी उठून आली. नंतर जवळजवळ कोरड्या ब्रशवर किंचित पांढरा घेऊन घड्यांच्या माथ्यावरून फिरवा, बस तेवढंच.

आतली बाजू रंगवू नका. तिची स्वतःची चमक असते.

शेवटी वार्निशचे दोन पातळ हात, नसेल तर बिनरंगी नेलपॉलिश चालते. पण हे कूलरच्या हवेत करू नका, त्या दमट हवेने वार्निश दुधाळ पडतं, आमचे दोन तसे झाले. कूलर बंद करा, अर्धा तास घाम सहन करा. अन् सुकवताना पेपरवर नाही, बाटलीच्या झाकणावर ठेवा, नाहीतर कड पेपरला चिकटते अन् काढताना निळा रंग तिथेच राहतो.