तंत्रज्ञ मंत्र्याचा अभ्यास कसा करायचा, श्पेअर घेऊन

जळगावच्या अभ्यासिकेत पोरांना मी पहिले हेच सांगतो, भाऊ, वहीचं पान मधोमध दुमडा, डावीकडे माणूस स्वतःबद्दल काय बोलला ते लिहा अन् उजवीकडे त्याच्या खात्यात काय घडलं ते.

आता अल्बर्ट श्पेअर घ्या. आर्किटेक्ट माणूस, १९३१ ला नाझी पार्टीत, फेब्रुवारी १९४२ ला आधीचा शस्त्रास्त्र मंत्री टॉड विमान अपघातात गेला तसं हिटलरने ह्याला शस्त्रास्त्र मंत्री केलं. डावीकडे येतं, मी आपला कामाचा माणूस, नाझींच्या कैद्यांच्या छळछावण्यांत, म्हणजे कॅम्पात, काय चाललं ते माहीत नव्हतं. उजवीकडे येतात कारखान्यात जबरदस्तीने राबवलेली लाखो माणसं, डोरा नावाच्या कॅम्पाच्या बोगद्यात रॉकेट बनवताना मेलेले हजारो कैदी, अन् डिसेंबर १९४३ ला हा स्वतः तो बोगदा बघून आलेला. ह्या ओळीवर थांबा, घाई करू नका.

उत्पादन वाढलं म्हणून लगेच हुशार म्हणू नका, बरीच तयारी टॉडच्या काळातली होती. केळीचा घड किती किलोचा एवढंच नका विचारू, पाणी कोणाच्या वावरातलं तोडलं तेही विचारा.

न्यूरेंबर्गचं, म्हणजे युद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या खटल्याचं, शेवटी लिहा, जबाबदारी मान्य केली पण माहिती नाकारली, २० वर्षं शिक्षा, १९६६ ला सुटका.